कुलर, प्रोजेक्टर आणि लिम्बो : गावातल्या एका उन्हाळी उपक्रमाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. नाव मुद्दाम देत नाही, माणसांचीही नावं देत नाही, कारण गावात सगळे एकमेकांना ओळखतात आणि यातले दोघं-तिघं अजून एकमेकांवर फुगून बसलेत. कापूस-तुरीचं गाव आहे. एक सार्वजनिक वाचनालय आहे आणि त्याच्या मागच्या टिनाच्या खोलीत अभ्यासिका, तिथे पोलीस भरतीवाले आणि तलाठी भरतीवाले पोरं दिवसभर बसून असतात. मी वाचनालयाच्या समितीवर आहे म्हणून हे सगळं जवळून पाहायला मिळालं. उपक्रम मात्र अमरावतीला इंजिनिअरिंग करणाऱ्या आमच्याच गावच्या एका पोराचा होता. त्याला इथे दादा म्हणतो, बारके पोट्टे त्याला तेच म्हणतात.

दादाचं म्हणणं साधं होतं. मे महिन्यात बाहेर पारा 45 च्या पुढे, दुपारभर पोट्टे घरात नाहीतर कोणाच्या तरी ओसरीत बसून फ्री फायर मॅक्स हा बंदुकांचा मोबाईल गेम खेळून राहिले, आणि घरचे ओरडून राहिले. ओरडून आजवर कोणाचा मोबाईल सुटला नाही. त्यापेक्षा एकदम वेगळ्या जातीचा एखादा गेम सगळ्यांनी मिळून मोठ्या पडद्यावर खेळायचा, आणि संपल्यावर त्यात काय चांगलं काय वाईट ते प्रत्येकाने लिहून वाचनालयाच्या भित्तिपत्रकावर लावायचं. पुस्तकाचं परीक्षण लिहितो तसं गेमचं. समितीतल्या दोन म्हाताऱ्या सदस्यांना "गेमचं परीक्षण" हे काही झेपलं नाही, पण पोट्टे वाचनालयात येतील एवढं ऐकून त्यांनी मान हलवली. प्रोजेक्टर शाळेचा, सुट्टीपुरता मागून आणलेला. लॅपटॉप दादाचा, सेकंडहँड, बॅटरी मेलेली, वायर काढली की बंद.

गेम निवडला लिम्बो. का, तर एक म्हणजे तो त्या लॅपटॉपवर चालत होता. पीसी आवृत्तीला 512 एमबी रॅम पुरते आणि डिस्कवर जागा लागते 150 एमबी, म्हणजे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चहा होईपर्यंत उतरतो. दुसरं म्हणजे भाषेची अडचण नाही, आख्ख्या गेममध्ये कोणी एक शब्द बोलत नाही, खाली अक्षरंही येत नाहीत. तिसरं कारण दादाने नंतर कबूल केलं, त्याला स्वतःला तो गेम भयंकर आवडतो.

गेमबद्दल थोडं

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी. लिम्बो हा डेन्मार्कच्या प्लेडेड या स्टुडिओचा पहिला गेम, जुलै 2010 मध्ये एक्सबॉक्स 360 या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर आला, 2011 मध्ये पीसीवर, पुढे मोबाईलवरही. दिग्दर्शक आर्न्ट येन्सन. सगळं काळं-पांढरं-करडं, जुन्या सिनेमाच्या रिळासारखे दाणे पडद्यावर. एक पोरगं जंगलात पडलेलं असतं, उठतं आणि उजवीकडे चालायला लागतं. त्याचे फक्त डोळे पांढरे चमकतात. करता येतं एवढंच, चालणं, उडी, आणि एखादी वस्तू धरून ओढणं-ढकलणं. वाटेत कोडी आहेत आणि बहुतेक कोडी चुकल्यावर पोरगं मरतं, आणि वाईट मरतं. काट्यांवर, करवतीखाली, पाण्यात. मेलं की दोन पावलं मागून पुन्हा सुरू. स्टुडिओने या पद्धतीला स्वतःच "ट्रायल अँड डेथ" म्हटलं होतं, म्हणजे खेळणारा आधी मरणार आणि मग शिकणार हे गृहीत धरूनच कोडी बांधलीत.

समीक्षकांनी डोक्यावर घेतला होता, समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर एक्सबॉक्स आवृत्तीला शंभरपैकी 90 गुण आहेत. तक्रारी तेव्हाही दोन होत्या, एक म्हणजे तीन ते सहा तासांच्या गेमला 15 डॉलर फार होतात, आणि दुसरी म्हणजे शेवट एकदम तुटतो. या दोन्हीपेक्षा वेगळ्या तक्रारी आमच्या टिनाच्या खोलीत निघाल्या.

अडचण

पहिलं सत्र दुपारी ठेवलं, कारण पोट्टे मोकळे दुपारीच. खोलीत कुलर चालू, खिडक्यांना पोती लावलेली, तरी टिनाच्या फटीतून उजेडाच्या पट्ट्या भिंतीवर. प्रोजेक्टर लावला आणि भिंतीवर दिसला करडा धूर. आता यात तांत्रिक गोष्ट अशी आहे की प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही, तो टाकतो उजेड, काळं म्हणजे जिथे त्याने उजेड टाकला नाही ती नुसती भिंत, आणि भिंतच उजळ असली तर काळं कुठून येणार. फ्री फायरसारखा रंगीबेरंगी गेम असता तर फिका का होईना पण दिसला असता. लिम्बोत काळ्या जमिनीवर काळे काटे आणि काळा पोरगा, त्यात फरक फक्त छटेचा, आणि ती छटाच गेली. पोरगं कुठे आहे ते कळायचं नाही, दोन पांढरे ठिपके हलताना दिसायचे.

त्यात सुरुवात. गेम सुरू झाल्यावर पोरगं गवतात पडून असतं, तुम्ही काही दाबल्याशिवाय ते उठतच नाही. पडद्यावर कोणतीही सूचना नाही. मागून आवाज आला, "हँग झालं बे." दादा गप्प बसला, त्याला वाटत होतं पोरांनी स्वतः शोधावं. कोणी कीबोर्डला हात लावेना, कारण यातल्या बहुतेकांनी जन्मात टचस्क्रीनशिवाय गेम खेळलेला नाही, बोट कुठे ठेवायचं हाच प्रश्न. शेवटी एकाने सगळीच बटणं बडवली आणि पोरगं उठलं. पुढे एक वस्तू ओढायची होती, ती कंट्रोल बटण धरून ओढतात, हे गेम खेळताना कुठेच सांगत नाही, तिथे पुन्हा गाडी अडकली.

आवाजाचं तर विचारूच नका. या गेमचा अर्धा जीव आवाजात आहे. मार्टिन स्टिग अँडरसन नावाच्या माणसाने ते केलंय, जुनी टेप आणि वायर रेकॉर्डरसारखी यंत्रं वापरून, आणि त्याला संगीत म्हणावं की वारा म्हणावं कळत नाही. गवतावरची पावलं, लांब कुठेतरी काहीतरी घसटल्यासारखं, करवत दिसायच्या आधी तिची घरघर. आमच्याकडे घरघर होती ती कुलरची. कुलर बंद करावा तर पाच मिनिटांत पोट्टे घामाने निथळून घरी. म्हणजे वातावरण हीच ज्या गेमची कमाई, त्याचं वातावरण आमच्या हवामानाने खाऊन टाकलं. तास संपायच्या आत निम्मे पोट्टे उठून गेले, आणि उरलेले मागच्या भिंतीला टेकून मोबाईल काढून बसले, ते फ्री फायरच.

मग दादाने सत्र रात्री ठेवलं, जेवणं झाल्यावर. अंधार मिळाला, कुलर बंद ठेवता आला, दारं उघडी टाकली की वारा. आवाज लॅपटॉपच्या स्पीकरमधून पुरत नव्हता, ब्लूटूथ स्पीकर लावला तर आवाज उशिरा येतो, पोरगं पडून मेलं तरी उडीचा आवाज नंतर. म्हणून भजनी मंडळाचा अँप आणि बॉक्स आणला, वायरने जोडला. आणि त्या रात्री लिम्बो जसा असायला पाहिजे तसा दिसला आणि ऐकू आला, जरा जास्तच.

जंगलात पुढे एक मोठा कोळी आहे. झाडामागून त्याचे पाय येतात, टोकदार, आणि पोरगं जवळ गेलं की खाली खुपसतात. भजनी मंडळाच्या बॉक्सला खालचा आवाज दणकून येतो, प्रत्येक पायाला टिन थरथरलं. मोठे पोट्टे खुश, आरडाओरडा. पण दुसरी-तिसरीतले चार-पाच लहानगेही भावंडांबरोबर येऊन पुढेच बसले होते, त्यातली एक पोरगी कोळ्याने पोरग्याला भोसकून उचललं तशी रडत उठली आणि चपला न घालता घरी पळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आजी वाचनालयाच्या पायरीवर.

"रातच्याला काय धडधड लावून ठेवली बाप्पा तुमी, पोरगी झोपीतून उठून उठून रडते, कातीन आली कातीन आली म्हनते. हे वाचनालय हाय का काय हाय?"

त्याच दिवशी समितीतल्या त्या दोघांपैकी एकाने, "मी तेव्हाच म्हणत होतो" सुरू केलं, जे तो कधीच म्हणाला नव्हता.

पर्याय काय होते

त्या संध्याकाळी दादा, मी, अभ्यासिकेतला एक भरतीवाला आणि नववीतली एक पोरगी असे ओट्यावर बसलो. नववीतली पोरगी का, तर ती आदल्या रात्री सगळ्यात जास्त खेळली होती आणि तिला मत होतं. ती कबड्डीच्या टीममध्ये आहे, आवाज मोठा.

सरळ बंद करणं हा एक मार्ग होता. आजी शांत, समिती शांत, आणि पोट्टे परत ओसरीत. भरतीवाला याच बाजूचा होता, त्याला रात्री अभ्यासाला खोली पाहिजे होती, हे त्याने लपवलं नाही.

दुसरा मार्ग म्हणजे गेम बदलणं. बॅडलँडचं नाव निघालं, फिनलंडच्या फ्रॉगमाइंडचा 2013 चा गेम, तोही वातावरणाचाच, पुढे सगळी काळी सावली पण मागचं जंगल रंगीत, म्हणजे भिंतीवर दिसला असता, आणि एकाच मोबाईलवर चार जणांना मिळून खेळता येतो. लहानांसाठी तो नक्कीच बरा. पण दादाचा मुद्दा होता की त्यात बोलण्यासारखं कमी निघतं, उडत राहायचं आणि वाचायचं. मला तेव्हा हा मुद्दा पटला नाही, अजूनही फार पटत नाही, पण लहानांची वेगळी सोय करायला माणूसच नव्हता म्हणून तो पर्याय बाजूला पडला.

तिसरा मार्ग, लिम्बोच ठेवायचा पण रक्तबिक्त कमी करून. या गेममध्ये काही प्लॅटफॉर्मवर एक फिल्टर असतो, मरतानाचं दृश्य दाखवायच्या ऐवजी पडदा काळा करतो. आमच्या लॅपटॉपवरच्या आवृत्तीत तो मेनूत सापडला नाही. आणि खरं सांगायचं तर पोरगी रक्ताला घाबरली नव्हती, रक्त तर तिथे काळंच आहे, ती घाबरली होती पाय खाली येण्याच्या आधीच्या शांततेला.

चौथा मार्ग नववीतलीने सांगतला. लहानगे बंद, सातवीच्या खालचा कोणी नाही. बॉक्सचा आवाज अर्ध्यावर. आणि एकच जण खेळतो आणि बाकीचे पाहतात हे बंद करायचं, कारण त्यातच सगळे कंटाळतात. "मेला की कीबोर्ड पुढच्याले. पन द्याच्या आधी सांगायचं, काहून मेलो."

काय केलं

हाच शेवटचा मार्ग घेतला. माझ्या मते पूर्ण उपक्रमातला कळीचा निर्णय हा होता आणि तो मोठ्यांपैकी कोणाला सुचला नाही.

एकट्याने खेळताना लिम्बोतलं मरण त्रास देतं, विशेषतः जिथे गेम मुद्दाम फसवतो तिथे. एका ठिकाणी दोन एकसारखे दिसणारे प्रेस आहेत, म्हणजे वरून खाली येऊन चेपणारी यंत्रं, पहिल्यात मधल्या उंचवट्यावर पाय ठेवला की चेपला, आणि पुढच्यात नेमका मधल्या उंचवट्यावर ठेवला तरच वाचला. पहिल्यापासून शिकून पुढे जाणारा दुसऱ्यात हमखास मरतो. घरी एकट्याला इथे शिवी सुटते, कारण आधी कळायचा काही मार्गच नाही, याला कोडं म्हणावं का हा रास्त प्रश्न आहे. आमच्या खोलीत मात्र इथे हशा पिकला, कारण मरणाऱ्याच्या हातून कीबोर्ड जाणार होता आणि त्याला सगळ्यांसमोर कारण द्यायचं होतं. "मागच्याले मधी पाय नव्हता ठेवला म्हनून आता बी नाही ठेवला, तं ह्यानं उलटं केलं," असं तो पोट्टा इतक्या चिडून बोलला की पुढचा खेळणारा कीबोर्ड घेऊनही दोन मिनिटं हसत होता. कारण सांगायच्या नियमाने आणखी एक झालं, जो कधी बोलत नाही तोही बोलला, कारण मरायची पाळी सगळ्यांवर येतेच.

कोळ्याचं कोडं परत खेळलं, या वेळी आवाज कमी. कोळ्याच्या पुढ्यातून पळून जायचा प्रयत्न एकामागे एक सगळ्यांनी केला आणि सगळे भोसकले गेले. आठवीतला एक पोट्टा आहे, त्याचा बाप रात्री डुकरं हाकलायला शेतात मचाणावर असतो. त्याची पाळी आली तर तो खेळेच ना, नुसता पडद्याकडे पाहत बसला. कोळी पाय आपटतो तेव्हा झाडावर अडकलेला एक दातेरी सापळा हलतो आणि खाली पडतो, हे याच्या आधी कोणी पाहिलंच नव्हतं, सगळ्यांची नजर पायांवर. तो म्हणाला, "हे फासं हाय. त्याच्या पायाखाली सरकवा लागते." पोरग्याला मागे आणलं, सापळा धरला, ढकलत नेला, आणि पाय खाली आला तो सरळ सापळ्यात. खोलीत जो आवाज झाला तो भजनी मंडळाच्या बॉक्सला जमला नसता. एक शब्द न सांगता गेमने त्याला बरोबर जागी आणलं, आणि लिम्बोचं बळ कुठे आहे विचारलं तर मी हेच कोडं दाखवीन. जे पाहिजे ते डोळ्यासमोर असतं, फक्त भीतीमुळे दिसत नाही.

त्याच्या पुढे तो कोळी लंगडा होत होत एका पायावर येतो, आणि पोरग्याला तो शेवटचा पायही ओढून काढावा लागतो, मग कोळ्याचं धड लोटत नेऊन काट्यांच्या खड्ड्यात टाकायचं आणि त्याच्यावरून पलीकडे जायचं. इथे खोली गप्प झाली. ज्याच्या हातात कीबोर्ड होता तो म्हणाला, मी नाही ओढत. दुसऱ्याने ओढला. त्यावर नंतर जितकं बोलणं झालं तितकं आमच्या वाचनालयात एखाद्या पुस्तकावर झालेलं मला आठवत नाही.

पुढे एका बंद हॉटेलच्या मोठ्या अक्षरांच्या पाटीवरून जायचं असतं, दिवे लुकलुकतात, पेटलेलं असताना अक्षराला हात लागला की करंट. इथे कोणाला काही शिकवावं लागलं नाही. कुंपणात सोडलेल्या करंटच्या बातम्या आमच्याकडे नव्या नाहीत, दिवा विझल्याशिवाय कोणी पाऊलच टाकेना, पहिल्याच प्रयत्नात पार.

मध्ये लाईन गेली की लॅपटॉप बंद, कारण बॅटरी नाही. पण गेम पावलापावलाला आपोआप सेव्ह करतो, लाईन आल्यावर जिथे मेलो तिथूनच. गावाकडे खेळणाऱ्यासाठी ही लहान गोष्ट नाही, आणि शहरातल्या कोणत्या परीक्षणात हा मुद्दा मी वाचला नाही.

आणखी एक निर्णय मध्येच घ्यावा लागला. पोट्टे विचारायला लागले, हा चालला कुठे? गेममध्ये याचं उत्तर नाही. बाहेर, गेमच्या जाहिरातीत, एकच ओळ आहे की बहिणीचं काय झालं ते ठाऊक नसलेला एक मुलगा लिम्बोत, म्हणजे स्वर्ग-नरकाच्या मधल्या अधांतरी जागेत, शिरतो. दादाला ही ओळ सांगायची नव्हती, त्याच्या मते न सांगणं हीच गेमची कला. नववीतली म्हणाली, कला अशीन, पण मले माहीत नसन तं मी काहून चालू? शेवटी सांगितली, आणि दुसऱ्या दिवसापासून खेळण्यात फरक दिसला, उजवीकडे जायला एक कारण मिळालं. माझं मत दादाच्या विरुद्ध आहे. ज्या गोष्टीवर आख्खी कथा उभी आहे ती गेमच्या आत कुठेतरी असायलाच पाहिजे, जाहिरातीत ठेवणं म्हणजे अर्धवट काम.

दुसरा अर्धा भाग

इथून गर्दी ओसरली, आणि यात दोष हवामानाचा नव्हता. लिम्बोचा पहिला अर्धा भाग जंगलाचा, कोळ्याचा, झाडांवरून बाण फुंकणाऱ्या दुसऱ्या पोरांचा. मागे कोणीतरी आहे, पुढे कोणीतरी आहे. मग हळूहळू जंगल संपतं आणि कारखाना सुरू होतो. दातेरी चाकं, लोहचुंबक, फिरणाऱ्या खोल्या, वरचं खाली करणारी बटणं. कोडी अवघड होत जातात, काही तर फार हुशारीची आहेत, पण शत्रू गायब. डोक्यावर एक किडा पडतो आणि पोरग्याला एकाच दिशेने चालायला लावतो, उजेडात आलं की उलट फिरवतो, तेवढं मध्ये मध्ये जुनं वातावरण परत आणतं. बाकी पेट्या आणि वेळ साधणं. जिथे क्षणाचा हिशोब आहे तिथे तर प्रोजेक्टरवर चित्र किंचित उशिरा पोचत होतं की पोट्ट्यांची बोटं, यावर रोज भांडण.

आणि एक गोष्ट, हा गेम सरळ रेषेत आहे. एक कोडं अडलं की सगळंच अडलं, बाजूने जायची वाट नाही, इशारा मागायची सोय नाही. एका गुरुत्वाकर्षणाच्या कोड्यावर सगळ्यांच्या पाळ्या होऊन पुन्हा सुरुवातीच्याकडे कीबोर्ड आला. मागच्या रांगेतल्यांनी केव्हाच यूट्यूबवर उत्तर काढून ठेवलं होतं आणि ओरडून सांगत होते, पुढचे त्यांना शिव्या देत होते. मग ठरलं की सगळ्यांची एक एक पाळी होऊनही सुटलं नाही तर व्हिडिओ पाहायचा, फक्त त्याच कोड्यापुरता. हा मार्ग चालला, पण खोलीतली मजा कमी झाली हेही खरं, कारण व्हिडिओ पाहून सोडवलेल्या कोड्यात मेल्याचं कारण सांगायला कोणाला काही उरत नाही. मधली काही कोडी सरळ व्हिडिओ पाहून ओलांडता आली असती, दादाला ते मंजूर नव्हतं, "आख्खा खेळायचा ठरलं होतं ना." माझ्या मते तिथे ओलांडायला पाहिजे होतं.

शेवट, ज्यांना खेळायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडा. पोरगं काच फोडून पुन्हा जंगलात येऊन पडतं, उठतं, थोडं चालतं, एका झाडाखाली एक पोरगी पाठमोरी बसलेली असते. ती जरा दचकते, आणि पडदा काळा. संपलं. तोवर टिकलेले सगळे एकदम ओरडले, लाईन गेली! लाईन गेली नव्हती. मग नावं वर जायला लागली तेव्हा पटलं. कोणीतरी म्हणालं पैसे वापस मागा. त्यानंतर गेम मेनूवर आला आणि आठवीतल्या त्याच मचाणवाल्याच्या पोराला दिसलं की मेनूतली जागा ही तीच झाडाखालची जागा आहे, शिडी तुटलेली, आणि खाली दोन ठिकाणी माशा घोंगावून राहिल्या. "दोघंबी मेले हाय." यावर रात्री घरी जाईपर्यंत वाद, काहींच्या मते बहीण जिवंत, काहींच्या मते हा आधीच मेलेला. दादा खुश, की बघा शेवट कसा बोलायला लावतो. मला दोन्ही बाजू मान्य आहेत. ज्याने मेनू नीट पाहिला त्याला शेवट मिळाला, ज्याने पाहिला नाही त्याच्या हाती काहीच नाही, आणि बहुतेक लोक शेवटानंतर मेनू पाहत बसत नाहीत.

निकाल

भित्तिपत्रकावर परीक्षणं लागली, काही चार ओळींची, काही पानभर. नववीतलीचं सगळ्यात नेमकं, "अर्धा गेम भेव दाखवते, अर्धा गेम गणित शिकवते, मले पहिला अर्धा पाहिजे." मचाणवाल्याच्या पोराने फक्त सापळ्याचं चित्र काढलं आणि बाण करून पायरी पायरी समजावलं, त्याला लिहायचा कंटाळा आहे. एकाने लिहिलं की यात बंदूक नाही आणि टीम नाही म्हणून गेमच नाही, ते पण लावलं. शेवटचे काही कागद लागेपर्यंत पाऊस आला, घरोघरी बियाणं आणि पेरणी सुरू झाली, पोट्टे शेतात, आणि उपक्रम तिथेच थांबला.

फ्री फायर कोणाचं सुटलं नाही, तशी अपेक्षा करणंही चूक होतं. आजीचं काय झालं विचाराल, तर दादा तिच्याकडे जाऊन बसला, लहानांना आता येऊ देत नाही म्हणून सांगतलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या पोट्ट्याला बहीण भेटली का? नातीने अर्धवट सांगितलं होतं. दादाने हो म्हटलं. भरतीवाल्याला रात्रीची खोली गेली याचा राग मात्र अजून आहे, आणि तो राग रास्त आहे, कारण त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, दुपारी खेळायचा असेल तर अशा अंधाऱ्या गेमला प्रोजेक्टर नकोच. लॅपटॉपच्याच पडद्यावर चार-चार जणांचे गट, वायरचे हेडफोन दोन जणांत एक, कुलर चालू राहिला तरी चाललं असतं. मोठा पडदा सगळ्यांना एकत्र बसवतो हे खरं, पण लिम्बोला तो फक्त रात्रीच झेपतो.

वयाचं आधीच ठरवायला पाहिजे होतं. दिसायला कार्टून, बारकं पोरगं, शब्द नाहीत, म्हणून मोठ्यांना हा लहानांचा गेम वाटतो. पहिल्या कोळ्यापर्यंत एखाद्या पालकाने स्वतः खेळून पाहिलं असतं तरी कळलं असतं. लहानांसाठी त्याच आठवड्यात दुसऱ्या ओसरीवर मोबाईलवर बॅडलँड चालू ठेवला असता तर ते रात्री भावंडांच्या मागे आलेच नसते, आणि त्यासाठी इंजिनिअर लागत नाही, दहावीतला कोणीही चालला असता.

कंट्रोल बटणाचं गुपित ठेवण्यात काही अर्थ नव्हता. गेमने सांगितलं नाही म्हणून आपणही सांगू नये असं कुठे आहे, ज्यांनी आयुष्यात कीबोर्ड धरला नाही त्यांच्यासाठी ते कोडं नसतं, नुसती अडवणूक असते. बाणाची बटणं आणि कंट्रोल एवढं फळ्यावर खडूने लिहिलं असतं तर पहिली दुपार निम्मी वाचली असती.

आणि कारखान्याच्या भागात आल्यावर गटाला विचारायला हवं होतं, की निवडक कोडी स्वतः खेळून आणि बाकीची व्हिडिओ पाहून उरकून शेवटाकडे जायचं का. आख्खा गेम संपवणं ही खेळणाऱ्या एकट्याची हौस असते. परीक्षणासाठी दोन्ही भागांचा अंदाज आला तरी पुरतो.

पुढच्या उन्हाळ्यासाठी दादाच्या डोक्यात याच स्टुडिओचा 2016 चा इनसाइड आहे, त्यात रंग थोडे आहेत आणि वातावरण शेवटपर्यंत टिकतं, पण तो या लॅपटॉपवर चालणार नाही हे त्यालाही माहीत आहे. नववीतली आता दहावीत आहे, ती म्हणते आधी भरतीवाल्यांना विचारा रात्रीची खोली कोणत्या वारी मोकळी असते. प्रोजेक्टर शाळेला परत केला, त्याच्या दिव्याचे तास बरेच वापरले गेले म्हणून मुख्याध्यापकांनी तोंड वाकडं केलं, तेव्हा पुढच्या वेळी तो मिळेल की नाही यावरच पुढचं ठरेल.